गाळलेलं पान

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. माझी चिमणी तुझ्याकडे नीट जेवते ना?

वाचनालयात मुलांना घोड्यांची एक जुनी कादंबरी वाचून दाखवतेय. घोडी विकली जाते आणि तिचं शिंगरू कुंपणाशी उभं राहतं, ते पान मी काल हळूच गाळलं. पुस्तक आधीच वाचलेल्या एका मुलीने लगेच पकडलं. मग वाचावंच लागलं. आवाज बसला, दोष सर्दीवर ढकलला.

"शिंगरू किती दिवस वाट बघेल?" एकाने विचारलं.

ती मुलगी म्हणाली, "दाणा घालेल त्याच्या मागे जाईल."

ताई, चिमणी तुला कधी चुकून आई म्हणते का? म्हणत असेल तर कळवू नकोस.

नाही, कळवच.

तुझी,
धाकटी