पिवळं उतरेपर्यंत

३ मार्च, दुपार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तू मोठ्याने हसशील, म्हणून नुसतंच ताई. कशी आहेस? नवं नाटक उभं राहिलं का? तू शिवलेला राणीचा झगा खांद्यात ओढतोय म्हणाली होतीस, त्याचं काय केलंस? फोनवर बोलणं तुला हल्ली नको वाटतं, म्हणून हे पत्र. आमचे नवरोबा, तुझा पियानोवाला, बरा आहे. परवा एका शाळेचा पियानो सुरात लावायला गेला, तर मुलांनी आत खडू कोंबलेले. दिवसभर शिंकत होता.

मी सध्या प्रयोगशाळेत जात नाहीये. रजा घेतली आहे.

तू एकदा विचारलं होतंस, "भिंगरे, तू दिवसभर करतेस तरी काय?" मी म्हटलं होतं, "रेणूंवर उजेड टाकते आणि ते काय करतात ते बघते." त्यावर तू म्हणालीस, "म्हणजे आमच्या दिवेवाल्यासारखंच की." तसंच आहे गं. फक्त आमचे नट फार लहान. उजेडाचा एक कण अंगावर आला की रेणू तो गिळून टाकतो आणि क्षणभर त्याचं भान हरपतं. एवढी ऊर्जा जवळ ठेवून त्याला राहता येत नाही, कुठेतरी द्यावीच लागते. कुणी ती पुन्हा उजेड म्हणून सोडून देतो, पण रंग बदललेला असतो, जरासा थकलेला. कुणी गुपचूप शेजाऱ्याला देतो, आणि चमकतो तो शेजारी. कुणी थरथरून तिची नुसती ऊब करून टाकतो. आणि काही थोडे असे असतात, की आलेली सगळी ऊर्जा स्वतः वळण्यात घालवतात. एकदा वळले की मग ते पहिल्या आकाराचे राहत नाहीत. मी इतकी वर्षं या वळणाऱ्यांच्या मागे आहे. डोळ्याची पापणी लवायच्या आत त्यांचं सगळं उरकलेलं असतं. आम्हाला नंतर कागदावर एक रेघ मिळते.

हे लिहितेय ती खोली निळी आहे. पडदे कायम ओढलेले. दुपार झाली हे मला जेवणाच्या गाडीची चाकं वाजली म्हणून कळलं. सिस्टरच्या पांढऱ्या बाह्या निळ्या, भिंती निळ्या, माझे हात निळे. पाण्याखाली बसून लिहावं तसं वाटतंय. निळ्या शाईचं पेन आणलं होतं, त्याची अक्षरं या उजेडात दिसेचनात, म्हणून सिस्टरकडून काळं मागून घेतलं.

ताई, मला मुलगी झाली.

पाच आठवडे आधीच आली. एवढीशी आहे. परवापासून पिवळी पडायला लागली, आधी कपाळ, मग छाती, आता पावलांपर्यंत. लिव्हर अजून कच्चं आहे, त्यामुळे रक्तातलं पिवळं द्रव्य बाहेर जात नाही. म्हणून तिला या दिव्याखाली ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचा आकडा उतरला तर ठीक. चढतच राहिला तर मेंदूला धोका, मग अंगातलं रक्त बदलावं लागेल. एवढ्याशा जिवाचं.

तुला कळवायचं होतं. दिवस गेल्यापासून प्रत्येक पत्रात कळवणार होते आणि प्रत्येक पत्रात पियानो आणि झगेच आले. का, ते तुला माहीत आहे. मला लिहायला लावू नकोस.

ये म्हणत नाही. तुझी कामं असतील.

तुझी,
भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

पत्र रंगपटात वाचलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ओरडता आलं नाही.

आधी झगा, मग रेणू, मग भिंती, आणि मुलगी शेवटच्या पानावर! आणि तीही अशी, की जाता जाता आठवलं म्हणून सांगितलं.

काय लिहायला लावू नकोस? मीच लिहिते. माझी मुलगी गेली. तिचं हृदय नीट झालेलं नव्हतं आणि ती थोडेच दिवस राहिली. बघ, लिहिलं. कागद फाटला नाही.

तेव्हापासून सगळे माझ्याशी जपून वागतात. वरच्या मजल्यावरची बाई मी जिन्यात दिसले की कडेवरच्या पोराला घेऊन परत वर जाते, जसं काही माझ्या दुःखाची त्याला लागण होईल. रंगपटात मी शिरले की लेकराबाळांच्या गप्पा थांबतात आणि सगळ्यांना एकदम हवापाणी आठवतं. त्यांना मी काही म्हणत नाही. परकी माणसं, त्यांना काय कळणार. पण तू? आई गेल्यावर तुझ्या वेण्या घातल्या मी. तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या.

मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाहीस. वाटलंच असतं. एक रात्र रडले असते आणि दुसऱ्या दिवशी लोकर घेऊन बसले असते. ती रात्र आणि ती लोकर, दोन्ही तू माझ्याकडून काढून घेतलंस.

आता पोरीचं. निळ्या उजेडात पिवळं ओळखू येत नाही, काळपट दिसतं. आमच्या दिवेवाल्याने एकदा पिवळ्या झग्यावर निळा उजेड सोडला, तर राणी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसली. तेव्हा त्या दिव्याखाली तिच्याकडे बघून घाबरू नकोस. बघायचंच तर दिवा बंद असताना खिडकीशी नेऊन बघ.

तू ये म्हणाली नाहीस. मी विचारलेलंही नाही. झगा मदतनीस बाईच्या गळ्यात घातलाय. हे पत्र पेटीत टाकते आणि गाडीला बसते.

ताई


१६ मार्च, घरून

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. तू इथून गेल्यावर. कुठे फिरून आलं कोण जाणे, पाकिटावर दोन शहरांचे शिक्के आहेत.

म्हणजे तू माझ्या दारात उभी राहिलीस, तेव्हा हे सगळं मनात घेऊन उभी होतीस. आणि मला वाटलं, ताई किती शहाणी, एका शब्दाने बोलली नाही! तुला वाटत असणार की मी ते वाचलंय आणि वाचूनही गप्प बसलेय. आपण एकाच खोलीत दिवसचे दिवस होतो, गं. मी ते वाचलं नव्हतं.

वाचल्यापासून तो सगळा आठवडा पुन्हा डोळ्यांपुढून जातोय, पण वेगळाच.

तू आलीस त्या सकाळी आकडा चढला होता. डॉक्टरीणबाईंनी रक्त मागवलं होतं आणि पाळण्याच्या खालून दुसरा दिवा लावला होता. मी खुर्चीत नुसती बसले होते. काय वळतं, कसं वळतं, किती वेळात वळतं, सगळं पाठ असणारी मी, आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. दारात सिस्टर तुला म्हणाली, "आत फक्त आई." तू म्हणालीस, "मी आईची आई." तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हात कोपरापर्यंत धुवा."

तू पाळण्याशी वाकलीस. मग विचारलंस, "तिला दुखतंय का?"

मी म्हटलं, "नाही. ते द्रव्य घडी घालून बसलेलं असतं. पाण्यात मिसळणारा भाग सगळा घडीच्या आत लपवतं, म्हणून ते सहज बाहेर जात नाही. उजेड कातडीतून आत जातो, रेणू तो घेतो आणि वळतो. घडी मोडते. मग पाणी त्याला घेऊन जातं."

"म्हणजे उजेड त्याला बाहेर काढत नाही. नुसता वळवतो."

"हो. पुढचं त्याचं तो जातो."

तू "बरं" म्हणालीस आणि पाळण्याच्या काचेतल्या गोल भोकातून हात आत घातलास. तिने तुझं बोट धरलं. तुझा हात निळा झाला होता, टाचण्यांनी टोचलेला, आणि जरासुद्धा हलत नव्हता. मी तशीच बसल्या बसल्या झोपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. उठले तेव्हा तू तशीच उभी होतीस आणि सिस्टर सांगत होती की आकडा उतरलाय. थोडाच, पण उतरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त राहू दे." आणि मग तो लंगोट! गडद पिवळा, बाहेरपर्यंत आलेला. आपण दोघी आणि सिस्टरने घटकाभर आत सोडलेला पियानोवाला त्या लंगोटाकडे बघून असे हसलो, की शेजारच्या पाळण्यातल्या बाळाची आई पडदा सारून बघायला आली.

पुढे दिवे बंद झाले त्या दुपारी तू तिला खिडकीशी नेलंस. पडदा सरकवलास. तिचा गाल स्वतःच्या पांढऱ्या बाहीला लावून, कापड पारखावं तसं बघितलंस आणि म्हणालीस, "अजून एक धुणं लागेल." मग तिचा कान बोटाने जरा वळवलास आणि म्हणालीस, "माझीचे असे नव्हते. तिचे डोक्याला चिकटलेले होते."

ताई, दोन वर्षांत तू पहिल्यांदा तिच्याबद्दल काही बोललीस. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चहा घेतेस?"

तू म्हणालीस, "घेते." आणि आपण चहा घेतला.

मी घाबरले होते. तू रडशील, मग मी रडेन, आणि मुलीला कोण धरणार, असं काहीतरी. आता कळतंय की तू रडणार नव्हतीस. तू सांगणार होतीस.

मुलगी आता घरी आहे. पियानोवाला काम करतो तेव्हा एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि तेवढा वेळ ती गप्प पडून छताकडे बघते. तोही मग मुद्दाम काम लांबवतो. अंगाचा रंग तुला आवडेल असा झालाय. तू दिलेलं लोकरीचं टोपडं डोळ्यांवर येतं, पण चालेल, वाढेल ती.

मला एक हवंय. तुझ्या मुलीला मी एकदाच पाहिलं, तेही काचेतून, आणि तेव्हाही मी यंत्रांकडेच बघत होते. तिचे कान चिकटलेले होते, एवढं आता माहीत आहे. बाकी काहीच माहीत नाही. ती कुणावर गेली होती? तिला उचक्या लागायच्या का? केस होते? रडायची तेव्हा आवाज कसा होता? तुझं बोट धरायची का? माझ्या मुलीला एक मावसबहीण होती, हे तिला सांगायला हवं, आणि मला ते अर्धवट सांगायचं नाही.

लिहून पाठव. नाहीतर फोन कर आणि सांग, रडत रडत सांगितलंस तरी चालेल. नाहीतर ये. हो, ये म्हणतेय. या वेळी मी चहा विचारणार नाही.

वाट बघते आहे.

तुझ्या लेकीची मावशी