टाकीवरची जाळी

३ फेब्रुवारी

टाकीवरून चालायची लोखंडी जाळी शेवटी उखडली. अ‍ॅसिडच्या वाफेने पार चाळण झाली होती तिची. हिच्यातूनच दादाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मी शेजारीच होते, मीच ओढून काढलं त्याला. नशीब, टाकी तेव्हा अर्धीच भरलेली होती. हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं.

आता फायबरग्लासची बसवायची, आणि कुठली ते मी ठरवायचं — देखभाल खात्याची प्रमुख ना मी! पुढच्या महिन्यात दादा कामावर येतोय. त्याच टाकीवर.

६ फेब्रुवारी

नमुने आले. खरेदीवाले साहेब म्हणतात, "ओढीव पट्ट्यांची घ्या, दणकट असते." फिटरने ती दोन विटांवर ठेवली, मी वर उभी राहिले. ढिम्म हलली नाही. जेवून आल्यावर त्याने पुन्हा ठेवली, पण फिरवून. चांगलीच दबली! सगळा जोर एकाच दिशेच्या लांब पट्ट्यांत; त्या विटांना समांतर पडल्या की तिच्यात दमच नाही.

आमच्याकडे दर आठवड्याला चौकोनी तुकडे उचलून धुतात आणि हाताला येतील तसे परत टाकतात. "कोण बघत बसतंय मॅडम, कुठली बाजू कुठे," फिटर म्हणाला. खरंच आहे. साच्यात ओतलेलीच घ्यायची, ती दोन्हीकडून सारखाच भार घेते.

७ फेब्रुवारी

साहेबांचं तोंड वाकडं. "साच्यातली तेवढी दणकट नसते, मग जाड घ्यावी लागेल." घेऊ की.

१५ फेब्रुवारी

गरम अ‍ॅसिडात बुडवलेले तुकडे आज काढले. काचेचे धागे धरून ठेवणारं रेझिन साधं आहे, तो तुकडा पांढरा पडलाय, आतले धागे डोकावतायत. व्हिनाइल एस्टर या भारी रेझिनचा जसाच्या तसा. इथे काथ्याकूट नको. वर वाळूचा खरखरीत थरही हवा, ओले बूट घसरायला नकोत.

१८ फेब्रुवारी

दादाकडे गेले. जाळीचा तुकडा नेला होता. त्याने तो डोळ्यांपुढे धरला आणि वहिनीला म्हणाला, "आता बरी दिसतेस." वहिनी म्हणाली, "गजाआड तुम्ही आहात."

मला हसू आलं नाही. एवढ्या मोठ्या भोकांतून खालचं अ‍ॅसिड दिसणार. तो घाबरणारच. विचारलं तर म्हणतो, "माझं सोड, तू जेवतेस का नीट?" लपवतोय. मला कळतं ना.

बारीक भोकांची मागवते. वरून बंद पत्रा नको, सांडलेलं अ‍ॅसिड साचून राहील.

५ मार्च

बसली एकदाची. कापलेल्या कडांना रेझिन लावून घेतलं. फिटर वैतागला, पण कड उघडी राहिली की अ‍ॅसिड तिथूनच शिरतं.

९ मार्च

दादा आला. टाकीवरून सरळ पलीकडे गेला, खाली बघितलंसुद्धा नाही. तिकडून म्हणाला, "झकास झालीय. ये की."

मी शिडीच्या वरच्या पायरीवर, कठडा धरून. पाय उचलेना. इतके दिवस भीत होते ती मीच. दादा परत आला आणि त्याने हात पुढे केला.