नावांचे दगड

३ फेब्रुवारी १९४४
प्रार्थनेच्या वेळी जमीन हलली. मुलं पटांगणात होती म्हणून वाचली. गावात पाच-दहा कौलं घसरली, एवढंच. पडली ती आमची नवी शाळा. उत्तरेची भिंत सबंध बाहेर आली.

४ फेब्रु.
पडलेली भिंत पाहून आले. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे नुसती माती आणि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार असा एकही लांब दगड नाही. आणले होते. पण दगड देणाऱ्या प्रत्येक घराला आपलं नाव बाहेरून दिसायला हवं होतं. अप्पांनी लांब दगड मधोमध फोडायला लावले. एकाचे दोन झाले, दोन घरांची नावं लागली. कोरायची अक्षरं मीच काढून दिली होती.

६ फेब्रु.
चावडीत सभा. शाळा कमिटीचे अध्यक्ष अप्पाच, माझे वडील. पाटील म्हणाले, "गणपानं चुना खाल्ला आन् माती घातली."
गणपा गवंडी उभा राहिला. "आवं, दगूड फोडू नगा म्हणलो हुतो मी. बाईस्नी इचारा, त्या हुत्या तितं."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सतरंजीचा दोरा उसवत बसले. गणपाचं काम काढून घेतलं.
बापासाठी गप्प बसले असं लिहिणार होते. पण नोकरीही कमिटीचीच...

९ फेब्रु.
गणपा काम शोधायला सांगलीला गेला. त्याच्या बायकोला भेटले. भाकरी थापता थापता म्हणाली, "तवा गप बसला न्हवं बाई? मग आता माज्या दारात कशाला बोलताय?" पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं तिनं.

१० फेब्रु.
जेवताना अप्पांना म्हटलं, दगड तुम्ही फोडायला लावले. रागावले नाहीत. "नाव लागतंय म्हणून गावानं दगूड दिलं. न्हाईतर शाळा झाली असती व्हय गं?"
हेही खोटं नाही.

१४ फेब्रु.
खाणीतून नवे लांब दगड आले. विट्याहून दुसरा गवंडी येणार. लोक आत्ताच विचारतात, आमचं नाव कुठं? उद्या सभा, मी अक्षरं काढून दाखवायची.
संध्याकाळी दगड बघायला गेले. प्रत्येकावर मधोमध खडूची रेघ कुणीतरी आधीच ओढून ठेवली आहे. एकावरची पदरानं पुसली. तेवढ्यात अप्पांनी हाक मारली, तर लगेच निघाले. बाकीच्यांवर तशीच आहे.