पहिल्या 'पुरे'वर थांबलेल्या पुऱ्या

॥ श्री ॥
बिरसी

तीर्थस्वरूप चंद्रकुमारदादांना धाकट्या शामकलाचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही सारे धड आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? (वहिनी तेल लावून देतात ना, की तुम्हीच पळ काढता?) फोन केला नाही, कारण आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि हे शेजारीच बसलेले.

तुम्ही गोरेगावहून पाठवलेली मुलाकडची, छोटेलालजींची मंडळी रविवारी आमच्या दुर्गेश्वरीला पाहून गेली. जेवून गेली, असे मात्र म्हणवत नाही.

पोरगी नागपूरला जे शिकली ते एव्हाना मलाही पाठ झाले आहे. पेशीत म्हणे विकरांची रांग असते (विकरे म्हणजे एन्झाइम, आम्हाला दहावीला होती), एकाने केलेला माल दुसऱ्याने पुढे न्यायचा. शेवटचा माल साठला की तोच मागे जाऊन पहिल्या विकराचा हात धरतो, म्हणजे मधल्या सगळ्यांची मेहनत वाचते. किती साठल्यावर हात किती घट्ट धरायचा, याची समीकरणे ती संगणकावर मांडत असते. याच कामासाठी पुण्याच्या संस्थेने तिला पीएचडीला बोलावले आहे, आणि ह्यांचे म्हणणे, आधी लग्न.

नासधूस मला सोसत नाही, हे तुम्ही जाणताच. मीच म्हटले, बाई, तुझी ही रीत आपल्या पुऱ्यांना लाव. तिने लावली. माझ्या जाऊबाई सावित्रीबाई मळणार, मी लाटणार, पोरगी तळणार, हे वाढणार. पंगतीतून "पुरे" ऐकू आले की निरोप थेट जाऊबाईंना, कणीक बंद.

आता पाहुण्याचे पहिले "पुरे" म्हणजे काय असते! छोटेलालजींनी दुसऱ्याच पुरीला पानावर आडवा हात धरून "पुरे जी, पुरे" म्हटले, सोबतच्यांनीही त्यांचा मान राखून तेच म्हटले, आणि आत जाऊबाईंनी हात धुतले. (मी विचारले, "काऊन थांबली वं?" त्या म्हणाल्या, "पोरीचा हुकूम हाये!") बाहेर आडवे हात तसेच, आग्रहाची वाट पाहत. डोक्यावर आमच्या धावपट्टीचे शिकाऊ विमान तेवढे घिरट्या घालत होते. नवी कणीक मळून होईतो मंडळी आचवून बसली होती.

निघताना छोटेलालजी म्हणाले, "पोरगी हुशार हाये जी, पन आमच्या घरी जेवाले लागते." ते वळत नाहीत तो हे गरजले, "धाडा इले पुण्याले! इच्या हातानं सासर उपाशी मरते!" तुम्हाला चारचौघांत मान खाली घालावी लागली असेल, त्याची क्षमा असावी.

तुमची,
शामकला

ता. क. समेट करायला कृपा करून येऊ नका. ह्यांचा राग फार टिकत नाही, आणि तो उतरायच्या आत पुण्याचे तिकीट काढायचे आहे. तिकडे छोटेलालजी निवळू लागले तर त्यांना जरा चिडवा.

आणखी एक. इतक्या वर्षांच्या पंगती वाढल्यावर पाहुण्याचे "पुरे" मला कळत नसेल का, दादा? पोरीला मात्र हे सांगू नका. आपल्या समीकरणात मानपानाचे पद राहून गेले, असे तिला वाटते आहे आणि ते कुठे बसवावे म्हणून ती सकाळपासून संगणकापुढून उठलेली नाही.