एका कार्डाचा हक्क

उंब्रज, २ मे १९४४

कायद्याच्या परीक्षेसाठी आज युद्धकैद्यांचा आंतरराष्ट्रीय करार वाचला. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड पाठवू द्यावं, असं त्यात आहे. फौजेतला दादा सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला त्याला दोन वर्षं झाली. एक कार्ड नाही. वहिनीला हे कशाला वाचून दाखवलं मी?

ज्वारी निवडता निवडता ती थांबली. "भावजी, कायदा हाय, तर ह्यांचं कार्ड का येत न्हाई?"

"जपाननं सही केली, पण पुढं मंजुरी दिलीच नाही. म्हणून करार त्यांच्यावर बंधनकारक नाही."

"मग त्यास्नी पाळायला लावायचं कुणी?"

माझ्या पुस्तकात ते नाही. तिनं कार्डाची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजी हे इसरले न्हाईत. ह्यास्नी लिवू देत न्हाईत."

मी व्हय म्हणालो. दादा जिवंत आहे का, हे दोघांनीही विचारलं नाही.