उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून ट्रेनिंग. बावीस वर्षं उस्मानपुऱ्याचं पाणी सोडलं, आता पाणी कसं सोडायचं ते शिकायला बसलोय. नव्या ठेकेदाराचा नियम, सर्टिफिकेट नाय तर काम नाय. शिकवायला कुलकर्णी सर, वय तिशीच्या आतलं. पहिला तास कशाचा, तर एकेकानं उभं राहून नाव अन् आवडतं फळ सांगायचं. म्हणलं, जाधव, सीताफळ. टाळ्या वाजल्या. तिकडं पहाटे व्हॉल्व्ह उघडून आलेलो, बंद करायला जायचं म्हणून सुट्टी मागितली तर म्हणले, अर्ज लिहा. अर्ज लिहिस्तोवर अर्धी गल्ली ओली.

५ फेब्रुवारी, बुधवार
भिंतीवर व्हॉल्व्हचं चित्र. कु. सर म्हणले, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की बंद, उलट फिरवला की चालू. हात वर केला. "सर, सगळे तसे नसतेत. जुन्या लायनीवर काही उलट्या आट्यांचे हायेत." सर हसले. "काका, असा व्हॉल्व्ह नसतो. स्टँडर्ड असतं." सगळा वर्ग हसला. वैशाली तेवढी हसली नाय. वैजापूरकडची, गावच्या नळयोजनेवर काम केलेलं, आता दोन लेकरं घेऊन मुकुंदवाडीत राहती. चहाला विचारलं तिनं, "काका, खरंच हायेत का उलटे?" म्हणलं, सरला विचार. उगं तिच्यावर राग काढला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मोबाइलवर सराव परीक्षा. व्हॉल्व्ह बंद करताना कुठल्या दिशेला फिरवाल? चार उत्तरं दिलेली, 'आधी बघीन कुठला व्हॉल्व्ह हाय' हे त्यात नाय. कोरं सोडलं. एका मार्कानं नापास. वैशाली पहिली. सर म्हणले, "काका, पुस्तक वाचत जा जरा."

पुस्तक माझ्याकडं हाये की. ह्याच वहीची मागची पानं. कुठला व्हॉल्व्ह कुठं, किती आटे फिरवायचे, उलटा का सुलटा. मला हे काम शिकवलेल्या उस्तादांनी तोंडी सांगितलेलं, ते गेले तसं मी लिहून ठेवलं. दुसऱ्या कुणाकडंच नाय. बायको म्हणली, "देऊन टाका की सरला, पास करतील." एकदा दिलं की मग मला कोण विचारतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
प्रॅक्टिकल. सगळं गाव सोडून माझ्याच उस्मानपुऱ्यात, अन् ते पण रेशन दुकानाजवळच्या चेंबरवर. आठ दिवसांनी पाण्याची पाळी, सातला सोडायचं. सरांनी व्हॉल्व्ह फिरवायची चावी वैशालीच्या हातात दिली. "घड्याळाच्या उलट फिरवा." त्यो नेमका उलट्या आट्यांचा. आधीच बंद, अन् ही त्याला अजून बंद करायली. हलंना. सर म्हणले, "जाम झालाय. दांड्याला पाईप लावा, जोर लावा." वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी विजेच्या खांबाकडं. मनात म्हणलं, होऊ दे, कळू दे एकदा ह्यांना.

कडकन आवाज. व्हॉल्व्हच्या आतलं स्पिंडल तुटलं, बंद होता त्यो बंदच राहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सकाळपासून फोन. रेशन दुकानामागचे पठाणचाचा, "जाधवभाई, आठ दिन राह देखी, अब और कित्ते?" एका बाईंच्या घरी उद्या साखरपुडा, पाहुणे येऊन बसलेत, हंडाभर पाणी नाय. बाई रडायच्याच बाकी होत्या. सगळ्यांकडं माझा नंबर, कु. सरांचा एकाकडं नाय.

तिकडं रिपोर्ट तयार. 'प्रशिक्षणार्थीने जादा जोर लावल्यामुळे नुकसान.' वैशालीला बॅचमधून काढणार म्हणतेत. जोर लावा कोण म्हणलं, ते रिपोर्टात नाय. मी तोंड शिवून उभा होतो, ते पण नाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सेंटरच्या जिन्यात वैशाली भेटली. रडत बिडत नव्हती. "काका, तुम्हाला म्हाईत होतं ना?"
"व्हय."
"मग?"
वर्गात हसले म्हणून गप बसलो, असं सांगू? लाज वाटली. सरळ सरांच्या टेबलाशी गेलो, सांगितलं. सर म्हणले, लेखी द्या. ह्यांना काही पण लेखीच लागतं. तीन कागद फाडले, चौथ्यावर जमलं. 'व्हॉल्व्ह उलटा आहे हे मला माहीत होते. मी बोललो नाही. वैशालीची चूक नाही.' सर लई वेळ वाचत बसले. "काका, यात तुम्ही अडकता." म्हणलं, व्हय. "अन् मी पण." मला वाटलं फाडतेत आता. फाइलीत लावला. तेवढं माणसाला मानलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वैशालीचं नाव राहिलं. माझा कागद वर गेलाय. वर म्हणजे कुठं, ते कुणाला सांगता येईना. त्याचा निकाल लागेस्तोवर मी व्हॉल्व्हला हात लावायचा नाय. चावी जमा करून घेतली, वर माझीच सही. दांडा माझ्या हातानं गुळगुळीत झालेला, त्याची पावती मिळाली. उस्मानपुरा वैशालीला दिला.

फोन मात्र अजून मलाच येतेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
रेशन दुकानाजवळ नवा व्हॉल्व्ह बसला, सुलट्या आट्यांचा. पाणी आलं म्हणून पठाणचाचांचा फोन. मी काय केलं त्यात.

संध्याकाळी वैशाली घरी आली. पिशवीत पेरू. म्हणली, "सीताफळाचा सिझन नाय काका." पहिल्या दिवसाचं ध्यानात ठेवलं पोरीनं. बायकोनं चहा ठेवला. उद्यापासून एकटीच सोडणार म्हणली, सोबतीला कुणी नाय. जरा घाबरलेली वाटली. उठता उठता विचारलं, "काका, तसे उलटे अजून किती हायेत?"

"तेवढा एकच होता," म्हणलं.

बरं झालं म्हणली. चपला घालून गेली. बायको माझ्याकडं बघत होती. पेरू तसेच पडलेत.

मागची पानं काढून बसलोय. त्यो गेला तरी अजून अकरा हायेत. माझ्याकडं आता दुसरं उरलंय काय. उद्या पाचला तिचा पहिला व्हॉल्व्ह शाळेमागचा. तिचा नंबर आहे माझ्याकडं.

शाळेमागचा. एकोणीस आटे. उलटा.