दिवसाची झोप

सोमवार, ६ फेब्रुवारी १९८४

आलो एकदाचे कळंबोलीला. तळमजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक, आणि संडास चक्क घरात. गिरगावच्या चाळीत डबा घेऊन रांगेत उभं राहायचे दिवस संपले. या एका सुखासाठी मी कुठंही राहायला तयार आहे. आमची इमारत वसाहतीतली अगदी शेवटची. मागचं दार उघडलं की भरावाची माती, पुढे खुरटी झुडपं आणि लांबवर खाडी. वरचे मजले अजून रिकामेच आहेत. समोरच्या इमारतीतल्या जयमालाबाईंनी सामान उतरायच्या आत चहा पाठवला. बाई बोलक्या आहेत, माझं जमेल.

ह्यांना तळोज्याला एका केमिकल कंपनीत नोकरी लागलीय. सहा महिने प्रोबेशन आणि तोवर कायम रात्रपाळी. आधीच्या कारखान्यात दिवसा झोप मिळेना म्हणून मशीनवर डुलकी लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. इथे तर ऍसिडच्या टाक्या आहेत. डुलकी लागली तर बोटांवर भागायचं नाही. म्हणून आमची वाटणी ठरलीय, रात्री ह्यांनी कंपनी सांभाळायची आणि दिवसा मी ह्यांची झोप.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

झोप सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यापेक्षा कठीण. कुकर फळीवर चढवून ठेवला, भात पातेल्यात करते. बादल्यांच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या. दाराची घंटी काढली. नळाखाली फडकं टाकलं म्हणजे थेंब वाजत नाही.

राहता राहिली गोजराबाई. ही जवळच्या गावातली मासळीवाली, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. तिच्याशी तह केला. तिने ओरडायचं नाही, खिडकीशी नुसतं उभं राहायचं, आणि मी घासाघीस न करता घ्यायचं. ती म्हणाली की तिच्या जन्मात तिला गप्प करणारी मी पहिलीच. जयमालाबाई विचारत होत्या, आत नवरा झोपलाय की बाळ? मी म्हटलं, मला तरी दोन्ही एकच.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज नवीनच आवाज. दुपारी बाराच्या सुमारास सुरू झाला. धप्प, धप्प, धप्प. पुष्कळ माणसं अनवाणी पायांनी ओला चिखल तुडवताहेत असा. आधी वाटलं, वर कुणी राहायला आलं. जाऊन आले, सगळ्या दारांना कुलपं. मग जमिनीला कान लावला. आवाज खालून येतोय, आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याशी सगळ्यात मोठा. खाली तर काहीच नाही, नुसता भराव.

हे उठून बसले ते पुन्हा झोपलेच नाहीत. कोण नाचतंय म्हणून विचारत होते. माझा जीव थाऱ्यावर नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी, पौर्णिमा

काल कंपनीच्या बसमध्ये चढताना ह्यांचा पाय निसटला. झोप नाही म्हणून. आज दुपारी पुन्हा तेच धप्प धप्प, आणि हे डोळे उघडे ठेवून पडलेले. माझं डोकं फिरलं.

चाळीतला आमचा कायदा साधा होता. वरच्यांनी अवेळी कुटायला घेतलं की खालच्यांनी काठीने ठोकायचं, वरचे काय ते समजतात. इथे कुटणारे खाली, म्हणून मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि मागच्या उंबऱ्यावर ताकदीने आपटला.

आवाज तत्क्षणी थांबला. एक पाऊलसुद्धा मागे राहिलं नाही. चाळीत इतक्या मुकाट्याने कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

चार दिवस अगदी शांत. हे असे झोपतात की आज हातातून परात पडली तरी कूस बदलली नाही. चेहऱ्यावर रंग आलाय. मी सुखी आहे, हे लिहून ठेवते.

सोमवार, २७ फेब्रुवारी

ह्यांची चादर धुवायला काढली, तर पायथ्याशी राखाडी चिखल. हे बाहेर कुठे गेले नाहीत, मी दिवसभर घरातच होते.

दुपारी जवळ बसून राहिले. झोपेत ह्यांचे पाय हलतात. आधी डावा, मग उजवा. आणि खालून तो आवाज पुन्हा आलाय, अगदी बारीक. पाय त्याच्याच तालावर पडतात.

बुधवार, २९ फेब्रुवारी

 दुपारी खाटेवर हे नव्हते. मागचं दार सताड उघडं. भरावाच्या टोकाला उभे होते, डोळे मिटलेले, घोट्यापर्यंत चिखलात, आणि पाय तुडवताहेत. काल तिथली माती कोरडी ठणठणीत होती. उजवा हात पुढे केलेला, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. ओढून आणलं तेव्हा जागे झाले. काही आठवत नाही म्हणाले.

मागोमाग गोजराबाई आली. ह्यांचे पाय बघून तिने टोपली खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, बत्त्याचंही. तिने वाकून उंबऱ्याला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "बाय, उंबऱ्याव आपटलास? मंग तू येतंव म्हनून सांगितलास. आता तुझ्या घरातला यक मानूस त्यांचा हाय."

तिने सांगितलं ते असं. या भरावाखाली खारजमिनीचा, खाडीचं पाणी अडवणारा जुना बांध आहे. उधाणाला बांध फुटला की गावची माणसं एकमेकांचे खांदे धरून चिखल तुडवत, म्हणजे खिंडार बुजतं. पावलांचा आवाज जमिनीतून घरांत येई. ज्या घराने ऐकलं त्याने उंबऱ्यावर मुसळ आपटायचं, म्हणजे आमचा एक माणूस येतो असं कळवायचं. एका अमावास्येला ती रांगच्या रांग चिखलाने आत ओढली. ते अजून तुडवतात, उधाण आलं की. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आवाज आला की कुणी भांडंसुद्धा वाजवत नाही.

सुटका कशी, मी विचारलं. तिला ठाऊक नाही. एवढंच म्हणाली, "कोन जायचा तं घरानं ठरवायचा." टोपली उचलून गेली. मासळी न देताच.

गुरुवार, १ मार्च

ह्यांना म्हटलं, गिरगावला मावशीकडे जाऊ. प्रोबेशनमध्ये रजा नाही म्हणतात. मला वेड लागलंय असं वाटतं त्यांना, पण रागावले नाहीत.

रात्री टाकीवरच्या फळीवरून चालताना पाय आपोआप पडायला लागले म्हणे. कठडा धरला म्हणून —

दुपारी साडीने ह्यांचा पाय खाटेला बांधला. डोळ्याला डोळा लावला नाही. तरी गाठ सुटलेली, चिखलाने माखलेली.

झोप वाचवायला निघाले होते मी.

शुक्रवार, २ मार्च, अमावास्या

अकरा वाजले. हे झोपलेत. आवाज वाढतोय. कपबशा थरथरताहेत.

बत्ता मी आपटला. ह्यांनी नाही.

—

उंबऱ्याशी बसून सांगितलं. मोठ्याने नाही, हे जागे होतील म्हणून. ते नाहीत, मी येते. मग बत्ता एकदाच, हलके.

ह्यांचे पाय थांबले. घोरताहेत. किती दिवसांनी —

भात पातेल्यात झाकून ठेवलाय. वरण फळीवर. जयमालाबाईंना सांगितलंय, पाच वाजता ह्यांना उठवा, दार वाजवू नका, हाक मारा.

भीती वाटते. फार वाटते.

आवाज आता घरात. मी लिहितेय त्या टेबलाखाली. इतक्या जवळून ह्यांची झोप मोडेल —

वाकून पाहिलं. माझेच पाय.

खाली उशी सरकवली. तरी वाजतात. चिखल गार आहे. एका हाताने गुडघे दाबून धरते, तेवढं ह्यांना जाग येऊ न